अझ्युअर स्टोरेज अकाउंटसाठी हेल्पर मॉड्यूल: काय आत घ्यावं, काय बाहेर ठेवावं

प्रश्न थोडक्यात असा: टीमकडे अझ्युअर (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) स्टोरेजसाठी पायथनच्या पाच-सहा सुट्या स्क्रिप्ट आहेत. एक अकाउंट तयार करते, एक अकाउंटची की (म्हणजे गुप्त किल्ली) काढून कॉन्फिग फाइलमध्ये लिहिते, एक ग्राहकाला पाठवायची सास लिंक (सही केलेली, ठरावीक मुदतीची प्रवेश-लिंक) बनवते, एक जुनी अकाउंट साफ करते. प्रत्येकीत लॉगिनचा आणि रिट्रायचा कोड कॉपी-पेस्ट झालेला आहे. आता हे सगळं एका हेल्पर मॉड्यूलमध्ये आणायचंय. मग त्यात कोणती फंक्शन घालायची, एकच मोठा क्लास करायचा का, आणि की कुठे ठेवायच्या?

अशी मॉड्यूल मी लिहिली आहेत आणि त्याहून जास्त दुसऱ्यांची वाचली आहेत. बहुतेकांचं दुखणं एकच असतं. एसडीकेतल्या (अझ्युअरच्या तयार पायथन लायब्ररीतल्या) प्रत्येक मेथडला आपल्या नावाचं एक कव्हर चढवलेलं असतं, आत तीच मेथड, तेच आर्ग्युमेंट. त्याने कोड वाढतो, फायदा शून्य, आणि एसडीकेची नवी आवृत्ती आली की दोन्हीकडे दुरुस्ती. हेल्परमध्ये तुमच्या टीमने घेतलेले निर्णय असायला हवेत. नावं कशी ठेवायची, डेटा कुठल्या रीजनमध्ये (म्हणजे कुठल्या भागातल्या डेटा सेंटरांत), किती प्रतींत, लिंक किती वेळ चालणार, कुठलं अकाउंट स्क्रिप्टने कधीच डिलीट करायचं नाही. ज्या फंक्शनमध्ये असा एकही निर्णय नाही ते लिहूच नका, थेट एसडीके वापरा.

एकच क्लास करू नका, हे आधीच सांगतो. कारण अझ्युअरमध्येच ही दोन वेगळी जगं आहेत. अकाउंट तयार करणं, त्याची सेटिंग बदलणं, की मागणं ही कामं रिसोर्स मॅनेजरकडे जातात, म्हणजे मॅनेजमेंट प्लेन. ब्लॉब (म्हणजे अकाउंटमध्ये ठेवलेल्या फाइली) वाचणं-लिहिणं हे त्या अकाउंटच्या स्वतःच्या पत्त्यावर होतं, तो डेटा प्लेन. पॅकेज वेगळी, परवानग्या वेगळ्या, मर्यादा वेगळ्या, चुकांचे कोडही वेगळे. सबस्क्रिप्शनवर ओनर असलेल्या माणसालाही एन्ट्रा आयडीने (मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेतल्या ओळखीने) ब्लॉब वाचता येत नाही, जोपर्यंत त्याला स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर किंवा तत्सम डेटाची भूमिका वेगळी दिलेली नाही. नवीन माणसाचा पहिला अर्धा दिवस हमखास इथे जातो: पोर्टलवर अकाउंट दिसतंय, सेटिंग बदलता येतंय, आणि कोडमधून ब्लॉब वाचायला गेलं की ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’.

म्हणून तीन फाइली करा. पहिलीत नावं आणि धोरण, ज्यात नेटवर्कला हात लावणारी एकही ओळ नाही. दुसरीत मॅनेजमेंट. तिसरीत डेटा. तिसरीने दुसरीला इम्पोर्ट करायचं नाही. हा नियम एकदा घातला की ब्लॉब वाचायला निघालेला कोड मध्येच जाऊन अकाउंटच्या की काढून आणतोय, हा प्रकार आपोआप थांबतो.

लॉगिनबद्दल थोडं. डिफॉल्ट अझ्युअर क्रेडेन्शिअल सोयीचं आहे, पण ते एका ठरलेल्या क्रमाने एकेक मार्ग वापरून पाहतं, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल त्या क्रमात सगळ्यात आधी येतात. लॅपटॉपवर कधीतरी जुन्या प्रोजेक्टचा क्लायंट आयडी आणि सीक्रेट सेट करून ठेवलं असेल, तर तुम्ही कमांड लाइनवर कितीही वेळा नव्याने लॉगिन करा, कोड जुन्याच ओळखीने जात राहतो. सर्व्हरवर थेट मॅनेज्ड आयडेंटिटीचं (अझ्युअरने सर्व्हरलाच दिलेल्या ओळखीचं) क्रेडेन्शिअल वापरा, डिफॉल्ट फक्त डेव्हलपरच्या मशीनसाठी राहू द्या. क्रेडेन्शिअल कुठलं हे हेल्परने आत ठरवू नये. ते बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून आत यावं. टेस्ट लिहिताना याचे उपकार वाटतील.

आता नाव. हे फंक्शन लहान आहे पण सगळ्यात आधी लिहा आणि नीट लिहा, कारण अकाउंटचं नाव नंतर बदलता येत नाही. नियम माहीत असतील: ३ ते २४ अक्षरं, फक्त लहान इंग्रजी अक्षरं आणि अंक, डॅश नाही, अंडरस्कोर नाही, आणि नाव साऱ्या अझ्युअरमध्ये एकमेव हवं, कारण तेच पुढे वेब पत्त्याचा भाग होतं. माणसाने हाताने नाव दिलं की ‘टेस्ट१’, ‘फायनल२’ अशी वरात निघते. रँडम शेपूट लावली तर स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालवल्यावर दुसरंच अकाउंट तयार होतं. मधला रस्ता असा: टीमचा तीन अक्षरांचा संक्षेप, प्रोजेक्टच्या नावाची पहिली आठ अक्षरं, एन्व्हायर्नमेंटचं एक अक्षर, रीजनची तीन अक्षरं, आणि उरलेल्या नऊ जागांत हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेली ठरावीक खूण). हॅश काढायचा सबस्क्रिप्शन आयडी, रिसोर्स ग्रुप आणि प्रोजेक्टचं पूर्ण नाव यांच्या जोडणीवर. इनपुट तेच तर नाव तेच, कितीही वेळा चालवा. हॅश हेक्साडेसिमलमध्येच घ्या. बेस ६४ मध्ये घेतला तर त्यात मोठी अक्षरं, प्लस आणि स्लॅश येतात आणि नाव नाकारलं जातं. प्रोजेक्टच्या नावातले डॅश काढल्यावर काहीच उरलं नाही, तर फंक्शनने गप्प पुढे जाऊ नये, एरर द्यावी.

नाव मोकळं आहे का हे विचारायला एसडीकेत वेगळी मेथड आहे. तिच्यावर फार विसंबू नका. नाव घेतलेलं आहे एवढं ती सांगते, ते तुम्हीच मागच्या आठवड्यात घेतलेलं असलं तरी. आधी आपल्या रिसोर्स ग्रुपमध्ये त्या नावाचं अकाउंट आहे का ते पाहा. ४०४ (‘सापडलं नाही’) आला तरच ते नाव दुसऱ्या कोणी घेतलंय का हे विचारा. ‘तुमचं अकाउंट आधीच आहे’ आणि ‘हे नाव दुसऱ्याकडे गेलंय’ हे दोन निरोप हेल्परने वेगवेगळे द्यायला हवेत.

इथून पुढे तयार करण्याचं फंक्शन, आणि इथे जरा थांबतो. क्रिएटची विनंती म्हणजे आतून पुट, ‘इथे हे असं असू दे’ सांगणारी विनंती. त्या नावाचं तुमचं अकाउंट आधीपासून असेल आणि तुम्ही वेगळी सेटिंग पाठवली, तर एरर येत नाही, अकाउंटची सेटिंग बदलते. एका ग्राहकाकडे पाहिलेली गोष्ट: कोणीतरी खर्च कमी करायला एका मोठ्या अकाउंटचा डिफॉल्ट टिअर (साठवणीचा दर-वर्ग) हॉटवरून (वारंवार वापराचा) कूल (क्वचित वापराचा) केला होता. रात्रीची स्क्रिप्ट ‘अकाउंट नसेल तर तयार कर’ या समजुतीने रोज क्रिएट मारत होती आणि तिच्यात हॉट लिहिलेलं होतं. टिअर मुकाट्याने परत हॉट झाला. ज्या ब्लॉबना स्वतःचा टिअर दिलेला नसतो ते सगळे अकाउंटच्या डिफॉल्टबरोबर फिरतात, आणि कूलवरून हॉटकडे जाताना वाचनाचे आणि डेटा काढण्याचे पैसे लागतात. लाखो ब्लॉब असले की बिलात ते डोळ्यांत भरतं. शोधायला वेळ लागला, कारण लॉगमध्ये एकही एरर नव्हती.

म्हणून त्या फंक्शनचं नाव ‘क्रिएट’ ठेवू नका, ‘एन्शुअर’ ठेवा आणि तसंच वागवा. अकाउंट नसेल तर तयार करायचं. असेल तर हवी ती सेटिंग आणि असलेली सेटिंग यांची तुलना करून फरकांची यादी परत द्यायची. बदल लागू करायचा तो फक्त वेगळा फ्लॅग स्पष्टपणे दिला असेल तेव्हाच. त्यातही काही फरक असे आहेत की फ्लॅग दिला तरी हेल्परने नकार द्यावा. रीजन बदलता येत नाही. हायरार्किकल नेमस्पेस (खरेखुरे फोल्डर) एकदा चालू केली की परत बंद होत नाही. असे एकेरी रस्ते धोरणाच्या फाइलमध्ये एका ठिकाणी लिहून ठेवा.

नेटवर्कच्या नियमांत याच जातीचा आणखी एक खड्डा आहे. परवानगी असलेल्या आयपींची यादी अपडेट करताना तुम्ही पाठवलेली यादी जुन्या यादीच्या जागी बसते, तिच्यात मिसळत नाही. ‘हा एक आयपी जोड’ असं फंक्शन हवं असेल तर आधी वाचा, जोडा, मग पूर्ण यादी पाठवा. आणि हे माहीत नसलेले लोक फार आहेत: अकाउंट ज्या रीजनमध्ये आहे त्याच रीजनमधल्या अझ्युअर सर्व्हरवरून आलेल्या विनंतीला आयपीचे नियम लागूच पडत नाहीत. तिथे व्हर्च्युअल नेटवर्कचा नियम किंवा प्रायव्हेट एंडपॉइंट (आपल्या नेटवर्कमधला खासगी पत्ता) लागतो. हेल्परला रीजन माहीत असतंच, तेव्हा एक इशारा छापायला काहीच हरकत नाही.

रीजनवरून आठवलं. आपल्याकडची तीन जुनी रीजन २०१५ मध्ये सुरू झाली: सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे, वेस्ट इंडिया म्हणजे मुंबई, साउथ इंडिया म्हणजे चेन्नई. मुंबईतल्या टीम सवयीने वेस्ट इंडिया निवडतात, जवळ आहे म्हणून. तिथे अव्हेलेबिलिटी झोन (एकाच रीजनमधली एकमेकांपासून वेगळी डेटा सेंटर) नाहीत, त्यामुळे झेडआरएस (वेगवेगळ्या झोनमध्ये प्रती) मिळत नाही. पुण्यात मिळतं. मुंबई-पुण्याच्या अंतराने तुमच्या वेब अ‍ॅपला जाणवण्याजोगा फरक पडायचं कारण नाही, पण एलआरएसवर (सगळ्या प्रती एकाच डेटा सेंटरमध्ये) बसलेलं अकाउंट पुढे झोनवर न्यायचं म्हटलं की कन्व्हर्जनची विनंती, वाट पाहणं, आणि मुंबईच्या बाबतीत दुसऱ्या रीजनमध्ये नवं अकाउंट काढून डेटा कॉपी करणं. पुण्यातल्या अकाउंटला जीआरएस (दुसऱ्या रीजनमध्येही प्रत) घेतलं की दुसरी प्रत चेन्नईला जाते, म्हणजे डेटा देशाबाहेर जात नाही. ही प्रत मागाहून पोहोचते, लगेच नाही, आणि तिथून वाचायचं असेल तर आरए (रीड अ‍ॅक्सेस) लावलेला प्रकारच घ्यावा लागतो.

पण हे सगळे संक्षेप स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला माहीत असायलाच हवेत असं नाही. हेल्परमध्ये तीनच पर्याय ठेवा: ‘तात्पुरता’, ‘साधा’, ‘महत्त्वाचा’. तात्पुरत्याला एलआरएस, साध्याला झेडआरएस, महत्त्वाच्याला जीझेडआरएस (झोन आणि दुसरं रीजन, दोन्ही). सॉफ्ट डिलीटचे दिवस (पुसलेलं किती दिवस परत आणता येईल), व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपणं), लॉक हेही त्याच पर्यायावरून ठरू देत. मी म्हणतो तो निर्णय हाच. उद्या खर्चाची बैठक होऊन ‘साधा’ म्हणजे काय ते बदललं, तर एक ओळ बदलायची. ज्या सेटिंगवर चर्चाच नको ती सरळ पक्की करून टाका: किमान टीएलएस १.२, फक्त एचटीटीपीएस, ब्लॉबला निनावी प्रवेश बंद. यांना आर्ग्युमेंट ठेवलंत तर कोणीतरी ‘तात्पुरतं’ म्हणून ते उघडणार आणि ते तसंच राहणार.

आता की. त्या कुठे ठेवायच्या हा तुमचा प्रश्न होता. माझं उत्तर: शक्यतो कीच वापरू नका. स्टोरेज अकाउंटची की म्हणजे अख्ख्या अकाउंटची मालकी. तिला वाचण्यापुरती, एका कंटेनरपुरती (ब्लॉबच्या एका कप्प्यापुरती) असं काही बांधता येत नाही, आणि ती वापरून कोण आलं हेही कळत नाही. शेअर्ड की प्रवेश अकाउंटच्या पातळीवर बंद करता येतो, आणि नव्या अकाउंटना हेल्परने तो बंदच ठेवावा. जुन्या अकाउंटवर बंद करण्याआधी मात्र बघा: कीवर माउंट केलेले फाइल शेअर, कनेक्शन स्ट्रिंग मागणारी जुनी बॅकअपची साधनं, आणि कीने सही केलेल्या सगळ्या सास लिंक एका झटक्यात बंद पडतात.

की कोण वापरतंय हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. अकाउंटचे रिसोर्स लॉग चालू करा. प्रत्येक विनंतीपुढे ओळख कुठल्या प्रकाराने पटवली ते येतं: की, सास किंवा ओऑथ (एन्ट्रा आयडीचं लॉगिन). कीच्या बाबतीत पहिली वापरली का दुसरी तेही त्या ओळीत दिसतं. दोन-तीन आठवड्यांचे लॉग घ्या, महिनाअखेरची कामं त्यात येतील असे, आणि मगच बटण दाबा.

तोवर की राहणारच असतील तर त्या फिरवण्याचं फंक्शन लागेल. अकाउंटला दोन की असतात त्या यासाठीच. सगळे वापरणारे दुसऱ्या कीवर न्यायचे, पहिली नव्याने तयार करायची, मग सगळे परत पहिलीवर आणायचे, दुसरी नव्याने तयार करायची. इथे लोक एकाच फंक्शनमध्ये दोन्ही की एकामागून एक बदलून टाकतात, म्हणजे दोन की असण्याचा सगळा उपयोग संपतो. तुमच्या फंक्शनने एका वेळी एकच की बदलावी, आणि लॉगमध्ये त्या कीचा अलीकडे वापर दिसत असेल तर नकार द्यावा. की परत करण्याऐवजी ती थेट की व्हॉल्टमध्ये (अझ्युअरची गुप्त माहितीची तिजोरी) लिहून तिचा पत्ता परत करा. की जर फंक्शनची रिटर्न व्हॅल्यू असेल, तर आज ना उद्या ती कोणाच्या तरी प्रिंटमध्ये जाणार. लॉगरला एक फिल्टर लावून ठेवा: अकाउंटची की बेस ६४ मध्ये ८८ अक्षरांची असते आणि शेवटी दोन बरोबरची चिन्हं असतात, ते पकडायला सोपं आहे. सास लिंकमधला सहीचा भागही त्याच फिल्टरने झाका.

सास लिंकवर जास्त बोललं पाहिजे, कारण नुकसान इथून होतं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये विझ या सुरक्षा कंपनीने उघड केलेलं प्रकरण आठवत असेल. मायक्रोसॉफ्टच्याच एआय संशोधकांनी गिटहबवर एक मॉडेल वाटण्यासाठी सास लिंक टाकली होती. ती एका कंटेनरची नव्हती, अख्ख्या अकाउंटची होती, वाचण्याबरोबर लिहिण्या-पुसण्याचेही अधिकार तिच्यात होते, आणि मुदत २०५१ पर्यंत. ३८ टेराबाइट खासगी डेटा त्या लिंकमागे उघडा होता. ज्यांनी ही यंत्रणा बांधली त्या कंपनीत हे घडलं. अकाउंट सास तयार केल्याची अझ्युअरकडे नोंदच राहत नाही, कारण ती तुमच्या मशीनवर कीने सही करून बनते. कोणी किती लिंक वाटल्या हे विचारायला जागाच नाही. रद्द करायची तर की बदला, म्हणजे बाकीच्या सगळ्या लिंकही जातात.

हेल्परमध्ये अकाउंट सास बनवणारं फंक्शन ठेवूच नका. युझर डेलिगेशन सास ठेवा. तिची सही एन्ट्रा आयडीने मिळवलेल्या कीवर होते, आणि ती जास्तीत जास्त ७ दिवस चालते, त्यापुढे तुम्ही मागितलं तरी नाही. रद्द करायच्या असतील तर अकाउंटच्या सगळ्या डेलिगेशन की एका विनंतीत रद्द करता येतात, स्टोरेजच्या मूळ कीला धक्का न लावता. ते लागू व्हायला थोडा वेळ लागू शकतो एवढं ध्यानात ठेवा. फंक्शनने घ्यायचं काय? कंटेनर, ब्लॉबचं नाव, आणि किती तास. परवानगीचा डिफॉल्ट फक्त वाचन.

‘किती तास’ मुद्दाम म्हणतोय, ‘कधीपर्यंत’ नाही. पायथनची ब्लॉब लायब्ररी तुम्ही दिलेला वेळ घेते आणि त्यापुढे यूटीसीचं झेड लावून मोकळी होते. तुम्ही टाइमझोन नसलेली इथली वेळ दिली तर ती तशीच यूटीसी म्हणून छापली जाते. सकाळी दहाला बनवलेली लिंक, सुरुवातीची वेळ ‘आत्ता’, म्हणजे दहा यूटीसी, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीन. ग्राहकाने अकराला उघडली की ४०३. साडेतीननंतर तीच लिंक चालते, आणि सगळे म्हणतात की आपोआप बरी झाली. मुदत संपण्याची वेळही त्याच हिशोबाने साडेपाच तास पुढे सरकलेली असते, फक्त त्याची तक्रार कोणी करत नाही. सुरुवातीची वेळ देऊच नका, किंवा द्यायचीच असेल तर पंधरा मिनिटं मागची द्या, कारण मशीनची घड्याळंही थोडी इकडेतिकडे असतात. शेवटची वेळ हेल्परने स्वतः यूटीसीत काढावी.

४०३ चा विषय निघालाच आहे तर सांगतो, तुमच्या मॉड्यूलमधला सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग कदाचित हाच ठरेल: चुका समजावून सांगणं. डेटा प्लेनवर ४०३ किमान चार वेगळ्या कारणांनी येतो, आणि प्रत्येकाचा एरर कोड वेगळा असतो. लोक मात्र नुसता ४०३ बघून भूमिका वाटत सुटतात. ‘ऑथेंटिकेशन फेल्ड’ आला तर ओळखच पटली नाही: की चुकीची, सास लिंक कापली गेलेली किंवा मुदत संपलेली, नाहीतर घड्याळ चुकलेलं. ‘ऑथरायझेशन परमिशन मिसमॅच’ म्हणजे ओळख पटली, पण डेटाची भूमिका नाही. ‘ऑथरायझेशन फेल्युअर’ आला तर बहुतेक वेळा फायरवॉल बघायची, भूमिका कितीही दिल्या तरी तो जात नाही. ‘की बेस्ड ऑथेंटिकेशन नॉट परमिटेड’ म्हणजे अकाउंटवर शेअर्ड की बंद आहे आणि तुमचा कोड अजून कीने येतोय. हेल्परने एसडीकेचा अपवाद पकडून कोड बघावा आणि ‘तुमच्या ओळखीला अमुक अकाउंटवर डेटा रीडरची भूमिका नाही’ अशा वाक्यात नवा अपवाद फेकावा, मूळ अपवाद आत जोडून. विनंतीचा आयडीही त्यात ठेवा, सपोर्टला तिकीट टाकताना तोच पहिल्यांदा मागतात.

यातल्या कुठल्याही ४०३ वर सरसकट रिट्राय करू नका. एकच अपवाद: हेल्परने स्वतः आत्ताच भूमिका दिली असेल तर ती पसरायला दहा मिनिटांपर्यंत लागू शकतात. तेवढ्यापुरतं, थांबत थांबत, ठरावीक मर्यादेपर्यंत पुन्हा विचारायला हरकत नाही. असाच एक ४०९ (‘आधीच्या स्थितीशी टक्कर’) आहे. कंटेनर डिलीट करून लगेच त्याच नावाने परत तयार करायला गेलात तर ‘डिलीट होतोय’ असं उत्तर येतं, आणि ते निदान ३० सेकंद तरी येत राहतं. टेस्ट लिहिणाऱ्यांना हा हमखास भेटतो. त्यावर इलाज म्हणजे प्रत्येक टेस्टला कंटेनरचं नवं नाव.

बाकी रिट्राय एसडीके स्वतः करते. त्याच्यावर आपला फॉर लूप चढवलात तर पाच गुणिले पाच असे प्रयत्न होतात. मॅनेजमेंट बाजूला मर्यादा खरंच लहान आहेत: एका सबस्क्रिप्शनला एका रीजनमध्ये अकाउंटची यादी मागण्याच्या ५ मिनिटांत १०० विनंत्या, वाचनाच्या ८००. ‘अकाउंट आहे का’ हे विचारायला दर वेळी पूर्ण यादी मागणारं फंक्शन कुठल्यातरी स्क्रिप्टमध्ये असणारच, ते आधी काढा.

आता साफसफाईची स्क्रिप्ट. डिलीटचं फंक्शन हेल्परमध्ये असावं का? असावं, पण त्याला फक्त ती अकाउंट दिसावीत ज्यांवर हेल्परनेच तयार करताना टॅग लावलाय आणि ज्यांच्या टॅगमधली मुदत उलटलीय. टॅग नसेल तर नाही, वाद नको. नावावरून ‘टेस्ट दिसतंय’ असा तर्क करून पुसणारा कोड मी रिव्ह्यूत पास करत नाही. डिलीट झालेलं अकाउंट १४ दिवसांपर्यंत परत आणण्याची सोय आहे, पण दरम्यान कोणी त्याच नावाने नवं काढलं तर ती संधी गेली. आणि आपलं नावाचं फंक्शन दर वेळी तेच नाव देतं, म्हणजे एन्शुअर लगेच चालवलं तर आपणच ती संधी घालवणार. डिलीट करण्याच्या फंक्शनने नोंद ठेवावी, आणि एन्शुअरने ती नोंद बघून १४ दिवस त्या नावाला हात लावू नये.

लॉकबद्दल गैरसमज खूप आहेत. ‘कॅन नॉट डिलीट’ लॉक अकाउंटला वाचवतो, डेटा प्लेनवरून येणाऱ्या विनंत्यांपासून आतल्या ब्लॉबना नाही. लॉक लावलेलं अकाउंट जागच्या जागी राहतं आणि त्यातले सगळे कंटेनर कोणीतरी ब्लॉबच्या पत्त्यावरून साफ करू शकतं. त्यासाठी ब्लॉब आणि कंटेनर, दोन्हींचं सॉफ्ट डिलीट वेगवेगळं चालू करावं लागतं. उलट ‘रीड ओन्ली’ लॉक लावल्यावर की मागणंही बंद होतं, कारण की मागण्याची विनंती पोस्ट प्रकारची आहे. भल्या हेतूने कोणी तो लॉक लावतं आणि कीवर चालणारी अ‍ॅप बुचकळ्यात पडतात. ‘महत्त्वाचा’ पर्यायात पहिला लॉक आणि दोन्ही सॉफ्ट डिलीट एकत्र ठेवा.

टेस्टसाठी अझ्युराइट चांगलं आहे, लॅपटॉपवर चालतं, पण ते फक्त डेटा प्लेनचं सोंग घेतं. अकाउंट तयार करणं, की फिरवणं, लॉक यातलं तिथे काहीच नाही. म्हणून मॅनेजमेंटच्या फाइलला एसडीकेचा क्लायंट बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये त्याच्या जागी खोटा क्लायंट बसवा. नावांच्या फाइलला काहीच लागत नाही, तिच्या टेस्ट भरपूर लिहा. त्याशिवाय एक वेगळं सबस्क्रिप्शन घेऊन रात्रीतून एकदा खरं अकाउंट तयार करून पुसणारी एक टेस्ट हवी. फायरवॉल आणि भूमिकांचं वागणं खोट्या क्लायंटवर कळत नाही.

नेटवरून नमुने उचलताना एक खूण बघा. ‘ब्लॉक ब्लॉब सर्व्हिस’ हा क्लास दिसला तर तो कोड २०१९ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ च्या आधीचा आहे, आता चालणार नाही. मॅनेजमेंटमध्ये ‘बिगिन’ हा उपसर्ग नसलेलं क्रिएट दिसलं तर तेही जुनं. आणि ‘क्लासिक’ स्टोरेज अकाउंटवरचं काहीही वाचण्यात वेळ घालवू नका, ती अकाउंट ३१ ऑगस्ट २०२४ ला निवृत्त झाली.

तुमच्या स्क्रिप्ट हलवण्याचा क्रम मी असा लावेन. आधी एन्शुअर, पण फक्त फरक दाखवणारं, बदल लागू करण्याचा फ्लॅग अजून लिहायचाच नाही. ते सगळ्या चालू अकाउंटवर फिरवा. जी यादी निघेल ती वाचताना टीममध्ये बरेच वाद होतील, ते होऊ द्या, धोरणाची फाइल त्यातूनच पक्की होते. मग सास लिंकची स्क्रिप्ट, कारण धोका तिथे आहे आणि बदल लहान आहे. त्यानंतर साफसफाईची, टॅग लागलेली पुरेशी अकाउंट झाल्यावर. की काढून कॉन्फिगमध्ये लिहिणारी स्क्रिप्ट सगळ्यात शेवटी घ्या. तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे हे कोणालाच पूर्ण माहीत नसतं, आणि तोवर लॉग जमा झालेले असतील. त्यात कीने येणारं कोणी उरलेलं दिसलं नाही तर ती हेल्परमध्ये आणायची गरजच नाही, सरळ काढून टाका.